दांडीचे भोक थोडे वर

आमची शाळा लहान आहे. पहिली ते चौथी मिळून पटसंख्या ४१, शिकवणाऱ्या आम्ही दोघी आणि खोल्या तीन. त्यांपैकी एका खोलीतले बाक काढून तेथे दोन लांब मेजे आणि हत्यारांचे एक कपाट ठेवले, त्याला आता दोन वर्षे होतील. शाळेच्या अहवालात ‘कृतियुक्त शिक्षण’ आणि ‘लोकसहभाग’ असे दोन वेगळे रकाने असतात, आणि मीही ते अनेक वर्षे वेगवेगळेच भरत आले: पहिल्यात मुलांनी केलेल्या उपक्रमांची नावे, दुसऱ्यात पालकसभांची संख्या आणि भेट मिळालेल्या वस्तूंची यादी. या दोन रकान्यांमधली रेघच चुकीची आहे, असे आज माझे ठाम मत आहे. मुलांच्या हातांना जे शिकायचे असते, ते बरेचसे त्या कामात ज्याचे हात मुरलेले आहेत अशा माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकता येते, आणि अशी माणसे बहुतेक वेळा शाळेच्या कुंपणाबाहेर असतात. हे मला एका लाकडी तराजूमुळे कळले, म्हणून त्या तराजूपासूनच सुरुवात करते.

तिसरीला वजनाचा पाठ होता. पुस्तकात तराजूचे चित्र होते, जड बाजू खाली आणि हलकी बाजू वर हे वाक्य मुलांना पाठ होते, आणि त्याआधी चौदा वर्षे मी तो पाठ तेवढ्यावरच संपवत आले होते. या वेळी मुलांनी स्वतः तराजू करायचे ठरवले. ६० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद अशी एक लाकडी पट्टी त्यांनी घेतली, दोन्ही टोकांना भोके पाडून सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी डब्यांची दोन सारखी झाकणे पारडी म्हणून टांगली, दांडीचा मध्य मोजून तेथे तिसरे भोक पाडले आणि त्यातून खिळा घालून दांडी लटकवली. लांबीची मापे बरोबर होती, तरीही रिकामी दांडी आडवी राहीना. ती एका बाजूला कलंडायची, हाताने सरळ केली की दुसऱ्या बाजूला कलंडायची. मुलांनी पारड्यांची अदलाबदल करून पाहिली, दोऱ्या पुन्हा मोजल्या, एकीने वर जाणाऱ्या पारड्याला मातीचा गोळा चिकटवला, तेव्हा दांडी त्या बाजूला जी पडली ती उठेना. मला कारण सांगता येत नव्हते. गुरुत्वमध्य, म्हणजे वस्तूचे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानतात तो बिंदू, हा शब्द मला माहीत होता आणि त्याची व्याख्या मी फळ्यावर बिनचूक लिहू शकले असते, पण समोरची दांडी का कलंडते आहे याच्याशी ती व्याख्या जोडणे मला जमले नाही.

शाळा सुटण्याची वेळ झाली होती आणि एका विद्यार्थ्याचे आजोबा त्याला न्यायला आले होते. त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केले आहे. दारातूनच ते थोडा वेळ पाहत राहिले, मग आत आले, दांडी हातात घेऊन तिच्या मधल्या भोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “भोक पोटात पडलंय. पाठीकडं घ्या.” पोट म्हणजे दांडीची खालची बाजू, पाठ म्हणजे वरची. दांडी त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिली असती तर पाच मिनिटांत काम झाले असते. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी ते आपले गिरमिट, म्हणजे लाकडाला भोक पाडायचे हत्यार, घेऊन आले आणि त्यांनी मुलांकडून एका नव्या पट्टीच्या मधोमध एकाखाली एक अशी तीन भोके पाडून घेतली: एक वरच्या कडेजवळ, एक बरोबर मध्यावर आणि एक खालच्या कडेजवळ.

खालच्या भोकातून टांगली की दांडी कलंडत होती. मधल्या भोकातून टांगली की ती जेथे सोडावी तेथेच, तिरकी असली तरी तिरकीच, थांबत होती, पण एका पारड्यात चिंचोका टाकला की थेट खाली जात होती. वरच्या भोकातून टांगली तेव्हा मात्र तिला कितीही हलवले तरी ती दोनचार झोके घेऊन आपोआप आडवी होत होती. मुले पुन्हापुन्हा खिळा काढत होती, घालत होती, आणि दर वेळी श्वास रोखून पाहत होती. त्यांतल्या एका मुलाने शेवटी म्हटले की वरच्या भोकातली दांडी झोपाळ्यासारखी आहे आणि खालच्या भोकातली दांडी तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखी. आधार वजनाच्या वर असला की वजन वस्तूला परत जागेवर ओढते आणि आधार वजनाच्या खाली असला की तेच वजन तिला पाडते, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत मी कोठे ऐकलेले नाही. त्याच आठवड्यात मुलांना आणखी एक गोष्ट सापडली, ती आजोबांनीही सांगितलेली नव्हती. भोक मध्यापासून जितके वर न्यावे तितकी दांडी स्थिर होते, पण तितकीच आळशीही होते. एका दाण्याच्या फरकाला ती दादच देत नाही. म्हणजे भोक मध्याच्या वर हवे, पण थोडेसेच वर. नेमके किती, हे पट्टीने मोजून ठरत नव्हते, तीन वेळा चुकून ठरले.

मग वजने करण्याचे काम निघाले. एका पारड्यात दगड आणि दुसऱ्यात चिंचोके टाकून दांडी आडवी झाल्यावर आजोबांनी दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करायला सांगितला. दांडी झुकली. दांडीच्या दोन्ही बाजू मोजल्या तेव्हा एक बाजू दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर लांब निघाली. तराजू खरा आहे की खोटा हे त्याच तराजूने ओळखण्याची ही युक्ती आठ वर्षांच्या मुलांच्या हाती लागली, आणि त्यानंतर काही दिवस प्रत्येक वजनाचा माल दोन्ही पारड्यांत फिरवून पाहिल्याशिवाय वर्गातले कोणीही आकडा मान्य करीत नव्हते.

आजोबांच्या पिशवीत ओळंबाही होता, म्हणजे उभी रेघ सरळ आहे का हे पाहण्यासाठी दोरीला बांधलेले वजन. तो खिळ्याला टांगलेला पाहून एका मुलीने त्याला झोका दिला आणि त्यातून पुढचे चार दिवस गेले. दोरी सुमारे १ मीटर ठेवली की ओळंब्याचे २० पूर्ण झोके जवळपास ४० सेकंदांत होतात, दोरी पाव मीटर केली की तेच २० झोके २० सेकंदांत होतात. दोरी एक चतुर्थांश केल्यावर वेळही एक चतुर्थांश व्हायला हवा होता, असे सगळ्यांचे म्हणणे होते, आणि तो निम्माच होतो याचे आश्चर्य मुलांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. ओळंब्याऐवजी जड कुलूप बांधले तरी झोक्याच्या वेळेत फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी घड्याळावरच संशय घेतला. चौथीतल्या मुलांनी मोजायचे आणि पहिलीतल्यांनी झोका सोडायचा, अशी वाटणी त्यांनी आपली आपणच केली. लहान शाळेचा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. तेथे इयत्तांच्या भिंती पातळ असतात, चार हातोड्या असल्या तरी प्रत्येकाच्या हातात हातोडी येते, आणि सहा वर्षांचे मूल नऊ वर्षांच्या मुलाचे काम जवळून पाहू शकते.

हे सारे नवे नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात सुरू केलेली प्रायोगिक शाळाही आरंभी अगदी लहान होती. पहिल्या दिवशी तेथे १६ मुले होती. मुलांनी लोकर पिंजावी, सूत काढावे, विणावे, स्वयंपाक करावा, सुतारकाम करावे आणि त्यातून इतिहास, गणित, विज्ञान यांच्याकडे जावे, अशी त्या शाळेची रचना होती. ड्युई यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत बाके खरेदी करतानाचा एक प्रसंग सांगितला आहे. मुलांना योग्य असे सामान शहरात शोधूनही मिळेना, तेव्हा एका चाणाक्ष विक्रेत्याने त्यांना सांगितले की तुम्हाला मुलांनी काम करण्याजोगे सामान हवे आहे आणि आमच्याकडचे सगळे सामान ऐकण्यासाठी आहे. आमच्या तिसऱ्या खोलीतले बाक हलवताना मला हा प्रसंग सारखा आठवत होता. इटलीतील डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले, तेही मुले जेथे राहत होती त्याच इमारतीत. शिक्षिकेनेही तेथेच राहावे आणि आयांना केव्हाही आत येता यावे, हा त्या योजनेचाच भाग होता. आणि तारा‍बाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात तर मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे इतका सरळ विचार होता. या तिन्ही ठिकाणी मुलांचे हात आणि भोवतालची माणसे यांचा विचार एकत्रच झालेला दिसतो. आपण ते दोन विषय पुढे कधी आणि का वेगळे केले, हा प्रश्न मला पडतो.

त्याचे एक उत्तर मला माझ्याच जुन्या अनुभवात सापडते. पूर्वी मी ज्या शाळेत होते तेथे दर वर्षी प्रकल्पांचे प्रदर्शन भरत असे. थर्माकोलची धरणे, रंगवलेले ज्वालामुखी, फिरणाऱ्या पवनचक्क्या अशा सुबक वस्तू मेजांवर मांडलेल्या असत आणि पाहुणे त्यांचे कौतुक करीत. त्यांतल्या बहुतेक वस्तू आईवडिलांनी रात्री जागून केलेल्या असत किंवा तयार विकत आणलेल्या असत, आणि मुलांच्या वाट्याला त्यांच्यापुढे उभे राहून चार पाठ केलेली वाक्ये म्हणणे एवढेच येत असे. मी ते पाहत होते आणि गुणही देत होते. त्या प्रदर्शनात कृतीही होती आणि पालकांचा सहभागही होता, पण कृती मुलांची नव्हती आणि पालकांनी जे दिले होते ते मुलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. पालकांनी मुलांच्या ऐवजी काम केले होते. त्यांनी मुलांच्या बरोबर काम करावे असे आम्ही त्यांना कधी सुचवलेच नव्हते.

म्हणून आता आम्ही पालकांकडे वस्तू मागत नाही, वर्गणी मागत नाही, भाषणही मागत नाही. आम्ही फक्त विचारतो की तुम्ही रोज हाताने काय करता. बहुतेक वेळा पहिले उत्तर “काही नाही” असेच येते. एका विद्यार्थिनीची आई कपडे शिवते, तिनेही तेच उत्तर दिले होते. आपण फारसे शिकलेलो नाही, शाळेत येऊन काय सांगणार, असे तिचे म्हणणे होते. ती आली आणि तिने एका मुलीच्या छातीचे माप घेतले, ते २४ इंच भरले. मग तिने कागद चौपदरी घडी घालून मेजावर ठेवला आणि घडीच्या बाजूने फक्त ६ इंच मोजून खूण केली. चोवीस इंच लागत असताना सहाच का मोजले, असे मुलांनी विचारल्यावर तिने कात्री चालवली, घडी उलगडली आणि चारही भाग एकदम समोर आले. पण कागदाचा तो अंगरखा त्या मुलीला होईना, तेव्हा तिने ‘माया’ हा शब्द सांगितला. शिवणीत दबणारे कापड मापावर वाढवून धरावे लागते आणि त्या वाढीव कापडाला माया म्हणतात. पुढच्या घडीवर मुलांनी मायेसह खूण केली. अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव हे मी आकृत्या काढून शिकवते. तिने ते एका घडीत दाखवले, आणि नुसत्या भागाकाराने आलेले उत्तर प्रत्यक्ष कामात जसेच्या तसे चालत नाही, त्यात थोडी वाढ ठेवावी लागते, हेही त्याबरोबर दाखवले. अपूर्णांकांचा पाठ घेताना मी आता कागदाची घडी हातात घेतल्याशिवाय सुरुवात करीत नाही.

पालक शाळेत येत नाहीत ही तक्रार मी वर्षानुवर्षे केली आहे, आणि ती करताना आपण त्यांना कोणत्या वेळी बोलावतो याचा विचार मी केलेला नव्हता. ज्याची रोजी दिवसावर अवलंबून आहे, त्याला सकाळी अकराची सभा म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे असते. आम्ही वेळ त्यांच्याकडून मागून घेऊ लागलो, तेव्हा कोणी कामावर जाण्यापूर्वीचा पाऊण तास दिला, कोणी सुटीचा दिवस दिला. नळकाम करणारे एक वडील सकाळी सातला आले होते. शाळेच्या अंगणातला नळ गळत होता आणि दुसरीच्या मुलांनी त्याखाली बाटली ठेवून तासाचे पाणी मोजले होते: सुमारे १८० मिलिलिटर. थेंब सेकंदाला एक पडत होता, म्हणजे तासाला ३,६००, आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो हे त्यांनी आधी चमच्याने तपासले होते. एका दिवसाचे ४ लिटरांहून अधिक आणि ३० दिवसांचे जवळपास १३० लिटर हा हिशेब चौथीच्या मुलांनी करून दिला. त्या वडिलांनी आधी मुख्य पाणी बंद करायला लावले, पान्हा कसा धरायचा ते दाखवले आणि नळ मुलांकडूनच उघडून घेतला. आतला झिजलेला वायसर तळहातावर घेऊन मुलांनी त्याच्यावर पडलेली गोल खाच बोटाने चाचपली. पाणी तेथून वाट काढत होते. नवा वायसर बसल्यावर एका मुलाने बाटली पुन्हा नळाखाली ठेवली आणि तासाभराने वहीत शून्य मिलिलिटर लिहिले. हे काम आम्ही कारागिराला बोलावून करून घेतले असते तर नळ तेवढाच चांगला दुरुस्त झाला असता, पण आजही नळ ठिबकला की मुले तारीख आणि वेळ लिहून ठेवतात, ते घडले नसते.

अडचणी आहेत आणि त्या मी झाकू इच्छित नाही. पहिल्याच महिन्यात एका मुलाच्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि नख काळे झाले. त्याच्या आईचा राग रास्त होता, कारण हातोडी देताना आम्ही खिळा धरायचा कसा हे शिकवले नव्हते. आता लहान मुले खिळा कपड्यांच्या चिमट्यात धरून ठोकतात, करवत चालवताना लाकूड आधी शिकंजात आवळले जाते, आणि कोणत्याही हत्याराजवळ एक मोठे माणूस असल्याशिवाय कपाटाची किल्ली निघत नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. दोनच शिक्षिका असलेल्या शाळेत एक आजारी पडली की अशा कामावर पहिला घाला येतो, आणि एखाद्या कुशल पालकाचे मूल चौथी होऊन बाहेर पडले की ते कौशल्यही त्याच्याबरोबर जाते. याला उपाय म्हणून चौथीच्या मुलांनी प्रत्येक कामाची एक वही करायची असे ठरले आहे. त्या वह्यांत चुकाही लिहिलेल्या असतात, आणि मला त्यांतली तीच पाने अधिक उपयोगी वाटतात.

हाताने केले म्हणजे समजलेच, असे मात्र मी मानत नाही. कात्री, गोंद आणि हातोडी यांच्यात तासभर रमलेले मूल काहीच न शिकता घरी जाऊ शकते, आणि आनंदाचा गलका ऐकून आपली फसगत होऊ शकते. म्हणून काम झाल्यावर काही आठवड्यांनी आम्ही त्याच तत्त्वाची वेगळी वस्तू समोर ठेवतो. तराजूनंतर दोन महिन्यांनी मी मुलांना कपडे टांगायचा एक लाकडी हँगर दिला आणि तो बोटावर टांगल्यावर सरळ का राहतो, हे विचारले. बहुतेकांनी हूक वर आहे आणि सगळे वजन त्याच्या खाली आहे, असे सांगितले. तिघांनी दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या आहेत म्हणून, असे सांगितले. त्या तिघांच्या हातात मी पुन्हा तीन भोकांची पट्टी दिली.

सुतार आजोबा अजून येतात. त्यांचे हात आता कापतात, त्यामुळे यंदा गिरमिट चौथीतली दोन मुले धरतात, आणि आजोबा खुर्चीवर बसून भोकाची जागा पेन्सिलीने दाखवतात. नवी तिसरी सोमवारपासून तराजूला लागली आहे. तीन भोकांची ती पट्टी मी कपाटातून काढून मेजावर ठेवली आहे, आणि ती कोणत्या भोकातून टांगायची हे त्यांना अजून कोणीही सांगितलेले नाही.